ठिणगीचा माणूस : रॉबर्ट बॉश



जुन्या फोक्सवॅगन बीटलचं टायमिंग सेट करताना पाहिलंय कधी? इंजिन मागे, हवेने थंड होणारं, रेडिएटरच नाही. इंजिन गार असताना आधी फीलर गेजने पॉइंटची गॅप 0.4 मिमी करायची. मग पुलीवरची खाच क्रँककेसच्या जोडासमोर आणायची. बऱ्याच मॉडेल्सना ही खाच टॉप डेड सेंटरच्या 7.5 अंश आधीची असते. रोटर पहिल्या सिलिंडरकडे आहे ना, हे बघून टेस्ट लॅम्प लावायचा, इग्निशन ऑन करायचं आणि डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. दिवा लागला, म्हणजे पॉइंट उघडले. तिथेच नट आवळायचा. ठिणगी फार आधी पडली तर इंजिन नॉक होतं, तापतं, अगदी पिस्टनलाही भोक पडू शकतं. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही.

बीटलच्या बहुतेक डिस्ट्रिब्युटरवर एक नाव असतं : बॉश. ते नाव आहे एका माणसाचं.

रॉबर्ट बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 चा, जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक गावचा. बारा भावंडांत अकरावे. वडिलांची शेती आणि खानावळ. शाळेत फार रमले नाहीत, मेकॅनिकचं काम शिकले. पुढे अमेरिकेत एडिसनच्या कंपनीत आणि इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे नोकरी केली. 1886 च्या नोव्हेंबरात स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढलं. टेलिफोन, घंटा, मिळेल ते काम!

1887 मध्ये एका गिऱ्हाइकाने एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. तो बॉशनी शोधलेला नव्हता. ड्यूट्झ कंपनीच्या इंजिनावर होता. पेटंट नाही याची खात्री करून त्यांनी तो सुधारून बनवला. तरी पहिली काही वर्षं हलाखीचीच गेली. उधारीवर दिवस काढले, कामगारही कमी करावे लागले.

1897 मध्ये त्यांच्याकडे द दियाँ-बुताँची तीनचाकी आली. गाडीचं इंजिन फार जोरात फिरायचं, जुना मॅग्नेटो त्या वेगाला पुरेना. त्यांचा फोरमन आर्नोल्ड त्सेरिंगर याने त्यावर उपाय काढला. 1902 मध्ये गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली आणि मग बॉश जगभर गेले. दोन्ही कल्पना मालकाच्या नव्हत्या. योग्य माणूस हेरायचा आणि त्याला मोकळं सोडायचं, हे मात्र मालकाचं.

स्वभाव कडक. जमिनीवर पडलेली टाचणीसुद्धा वाया जाऊ द्यायचे नाहीत, असं सांगतात. पण 1906 मध्येच त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस लागू केला, तेव्हा इतर मालक त्यांना 'लाल बॉश' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातली मोठी रक्कम त्यांनी लोकोपयोगी कामांना दिली. 1921 मध्ये मुलगा रॉबर्ट दीर्घ आजाराने गेला. 1940 मध्ये त्यांनी स्टुटगार्टमध्ये हॉस्पिटल उभं केलं.

आता न आवडणारा भाग. हिटलर त्यांना पसंत नव्हता. त्यांनी ज्यूंना मदत केली, विरोधक गोर्डेलर यांना कंपनीत आसरा दिला. पण त्याच कंपनीने हिटलरच्या सैन्यासाठी माल बनवला आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यांत हजारो लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही. 12 मार्च 1942 ला ते वारले, तेव्हा युद्ध चालूच होतं.

आपल्याकडे 1951 मध्ये बंगळुरूला मायको कंपनी निघाली, पुढे नाशिकलाही तिचा कारखाना आला. 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. नाशिकमधला मायको सर्कल अजून जुन्या नावाने ओळखला जातो.

प्रॅक्टिकलला टायमिंग चुकलं तर नट सैल करून पुन्हा लावता येतं. आयुष्यात तेवढी सोय नाही. बॉशसारख्या शिस्तीच्या माणसालाही काही गोष्टींना वेळेवर थांबवता आलं नाही. उद्या आपण मोठ्या कंपनीत गेलो की तिथे आपला दिवा कधी लागायला हवा, याचा विचार आत्ताच करून ठेवूया. बघा पटतंय का!