राजाची गाडी आणि रयतेची गाडी



जयविलास राजवाड्याचे संग्रहालय पाहायला मुलांना नेले, की सर्वात जास्त गर्दी होते ती जेवणाच्या दालनात. तिथे लांबच लांब टेबलावर रूळ मांडलेले आहेत आणि त्यावर चांदीची छोटीशी आगगाडी उभी आहे. जेवण झाल्यावर ही गाडी पाहुण्यांसमोर मद्य, सुकामेवा, सिगार असे पदार्थ फिरवत असे. गाडीवर सिंधिया या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत. मुले ती गाडी पाहून हसतात आणि पुढे जातात. परंतु ज्यांच्या हौसेची ही गाडी, त्या श्रीमंत माधवराव शिंदे महाराजांचे चरित्र पुढे जाण्यासारखे नाही, म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

माधवरावांचा जन्म 20 ऑक्टोबर 1876 चा. वडील जयाजीराव महाराज 1886 साली वारले, तेव्हा हे अवघे नऊ वर्षांचे होते. म्हणजे आपल्या शाळेतल्या चौथीच्या मुलाएवढे. कारभार काही वर्षे मंडळाने पाहिला व 1894 साली सर्व अधिकार त्यांच्या हाती आले.

यंत्रांची, त्यातही आगगाडीची त्यांना फार आवड. त्या काळी राजेलोकांचा प्रवास म्हणजे मोठा थाट. खास डबे, त्यात शयनगृह, नोकरचाकर, स्वयंपाकी. माधवरावांनाही असा थाट वर्ज्य नव्हता, हे आम्ही लपवत नाही. परंतु त्यांची हौस राजवाड्याच्या आवारात थांबली नाही. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. 1899 पर्यंत ती एकीकडे भिंडला आणि दुसरीकडे शिवपुरीला पोहोचली. तिसरा फाटा सबलगढवरून पुढे वाढत 1909 साली श्योपूरला गेला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे 200 किलोमीटर! जिथे बैलगाडीने कित्येक दिवस लागत, तिथे शेतकरी, व्यापारी, विद्यार्थी एका दिवसात जाऊ लागले. अरुंद रुळांचा खर्च कमी, वळणे घेणे सोपे, म्हणून कमी उत्पन्नाच्या मुलुखातही गाडी नेता आली.

समुद्रप्रवासातही हेच दिसते. 1900 साली चीनमध्ये बंड झाले, तेव्हा इंग्रज फौजेबरोबर माधवराव तिकडे गेले आणि जखमी सैनिकांसाठी स्वखर्चाने इस्पितळी जहाज दिले. राजेलोक सहलीसाठी नौका बाळगत, त्या काळातली ही गोष्ट. पहिल्या महायुद्धातही 'लॉयल्टी' नावाचे इस्पितळी जहाज सैनिकांच्या सेवेत होते आणि त्यात माधवरावांचा पुढाकार होता. ही मदत इंग्रज साम्राज्याच्या लढायांसाठी होती, हे वाचकांनी जरूर लक्षात घ्यावे. पण त्या जहाजाचे पुढचे भाग्य पाहा. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या नव्या कंपनीने ते घेतले. कंपनीचे नावही सिंधिया. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली आणि विलायती कंपन्यांच्या मक्तेदारीला भारतीय जहाजाने आव्हान दिले. म्हणूनच 5 एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

5 जून 1925 रोजी पॅरिस येथे महाराजांचे निधन झाले. वय अवघे 48. शिवपुरीत मातोश्रींच्या छत्रीसमोर त्यांची छत्री आहे.

त्यांची रेल्वे मात्र चालत राहिली. 1951 साली ती मध्य रेल्वेत सामील झाली. श्योपूरची छोटी गाडी तर 2020 पर्यंत धावली. तिच्या टपावर बसलेली माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना सांगायला नको की ती कोणाची गाडी होती. आता त्या मार्गावर रुंद रुळांचे काम हाती घेतले आहे. ते आवश्यकच आहे, पण जुन्या गाडीची आठवण मात्र पुसली जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

चांदीची गाडी काचेआड जपून ठेवली आहे. लोखंडाच्या गाडीसाठी तेवढी काळजी कोणी घेतली? आपल्यापैकी अनेकांच्या आजीआजोबांनी तिने प्रवास केला असेल. मुलांनो, या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, तिकीट किती होते, वेळ किती लागे, सोबत काय शिदोरी नेत, हे विचारा आणि मराठीत एक पान लिहून आणा. पालकांनी घरातली जुनी छायाचित्रे शोधावीत. विश्वस्त मंडळाने अनुमती दिल्यास ही पाने व छायाचित्रे आपण शाळेच्या वाचनालयात एका फाइलीत जपून ठेवू.