हिशेबी खेळाचा शिल्पकार : हॅरल्ड व्हँडरबिल्ट

ऑक्टोबर १९२५ च्या अखेरीस 'फिनलंड' हे जहाज लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाकडे निघाले होते. जहाजावर चार मित्र पत्त्यांचा एक नवा डाव मांडून बसले होते. गुणांचा तक्ता हॅरल्ड स्टर्लिंग व्हँडरबिल्ट यांनी तयार केला होता. आज जगभर खेळले जाणारे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज त्याच प्रवासात जन्मास आले.

अमेरिकेतील विख्यात रेल्वेसम्राटांच्या घराण्यात ६ जुलै १८८४ रोजी जन्मलेल्या व्हँडरबिल्ट यांना वैभव वारशाने लाभले होते. कीर्ती मात्र त्यांनी स्वतः मिळविली. तत्कालीन ऑक्शन ब्रिजमध्ये बोली लहान असली, तरी जिंकलेले सर्व हात गेमसाठी मोजले जात. व्हँडरबिल्ट यांनी फ्रान्समधील प्लाफाँ या खेळातील तत्त्व स्वीकारले : जेवढ्या हातांची बोली, तेवढेच गेमसाठी ग्राह्य. त्याला त्यांनी स्लॅमचे मोठे बक्षीस आणि 'व्हल्नरेबल' जोडीला वाढीव दंड यांची जोड दिली. काही वर्षांतच जुना खेळ मागे पडला.

या बदलाने बोली जिंकणाऱ्या खेळाडूची जबाबदारी पालटली. तीन बिनहुकमीची बोली म्हणजे नऊ हात. प्रतिपक्षाची पहिली उतारी झाली आणि डमीची पाने उघडी पडली, की खात्रीचे हात मोजावयाचे. ते सात भरले, तर उरलेले दोन कोणत्या रंगातून काढावयाचे आणि त्यासाठी डमीकडे जाण्याची वाट केव्हा वापरावयाची, हे पहिले पान टाकण्यापूर्वीच ठरवावे लागते. हुकमाच्या डावात गमावले जाणारे हात मोजावयाचे. जादा हाताच्या मोहापायी ठरलेला करार बुडविण्यापेक्षा प्रसंगी एक हात स्वखुशीने सोडणे शहाणपणाचे ठरते.

हाच विवेक त्यांनी समुद्रावरही दाखविला. १९३४ च्या अमेरिका चषक शर्यतीत ब्रिटनच्या 'एन्डेव्हर'ने पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्या. तिसऱ्या फेरीतही आपली 'रेनबो' मागे पडताच व्हँडरबिल्ट यांनी सुकाणू सहकारी शर्मन हॉइट यांच्या हाती सोपविले. स्वतःचा मान त्यांनी बाजूस ठेवला. 'रेनबो'ने ती फेरी जिंकली आणि अखेर मालिकाही ४-२ अशी खेचून आणली. १९३० आणि १९३७ मध्येही हा चषक त्यांनीच राखला होता.

१९२८ मध्ये त्यांनी ब्रिजसाठी व्हँडरबिल्ट चषक दिला आणि १९३२ व १९४० मध्ये खेळाडू म्हणून तो स्वतः जिंकलाही. त्यांनी पुरस्कारलेली किलवरची प्रबळ बोली पुढील अनेक पद्धतींचा पाया ठरली.

४ जुलै १९७० रोजी, शहाऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, न्यूपोर्ट येथे त्यांचे निधन झाले. डमीची पाने उघडल्यावर पहिले पान टाकण्यापूर्वी जाणता खेळाडू आजही क्षणभर थांबतो. त्या क्षणाला मोल आले ते व्हँडरबिल्ट यांच्या तक्त्यामुळे.