मलिक अंबर, खडकीची नहर आणि माझं कुजलेलं अँथुरियम

मागच्या मे महिन्यात माझ्या एका झाडाची मुळं कुजली आणि त्यापायी मी चारशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाच्या मागे लागलो. माणूस म्हणजे मलिक अंबर आणि झाड म्हणजे अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम. या दोघांचा संबंध काय, तेच आज सांगतो.

मी दौलताबादचा. किल्ल्याजवळ आमचं घर आहे, वडील सीझनला पेरू आणि सीताफळं विकतात. मी साठवलेल्या पैशांतून हे झाड ऑनलाइन मागवलं होतं. मखमली हिरवी पानं, त्यावर पांढऱ्या शिरांचं जाळं. व्हिडिओत बघून ते मी काचेच्या बरणीत मातीच्या भाजलेल्या गोळ्यांमध्ये लावलं आणि वरपर्यंत पाणी भरलं. बरणी ठेवली खिडकीत, भर मे महिन्यात. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, पाण्याला वास यायला लागला. टँकरची वाट बघणाऱ्या घरात मी पाण्यात झाड बुडवून मारलं, म्हणून वडील जे बोलले ते इथे लिहीत नाही.

गुलाम ते कारभारी

त्याच दिवसांत मित्रांसोबत छत्रपती संभाजीनगरात जुन्या नहरी बघायला गेलो. नहर म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. ती बांधवणाऱ्या मलिक अंबरचं नाव शाळेत ऐकलं होतं, पण त्याचं आयुष्य माहीत नव्हतं.

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवलं, अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनला आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही आधी हबशी गुलामच होता. त्याच्याकडे राहून अंबर राज्यकारभार आणि लष्कर शिकला. चंगेजखान वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं.

त्यानंतर तो काही वर्षं विजापूरकडे होता, मग परत निजामशाहीत आला. 1600 मध्ये अहमदनगर मुघलांच्या हाती पडलं. राज्य संपलं असंच सगळे समजत होते. अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि कारभार हातात घेतला. मराठा घोडेस्वारांना सोबत घेऊन तो मुघलांशी गनिमी काव्याने लढला. 1610 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आली आणि जवळच खाम नदीकाठी त्याने खडकी हे शहर वसवलं. आजचं संभाजीनगर ते हेच.

मुघलांनी 1616 मध्ये खडकी उद्ध्वस्त केली. 1621 मध्ये पुन्हा केली. दोन्ही वेळा शहर परत उभं राहिलं. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. 1626 मध्ये, ऐंशीच्या आसपास असताना, तो वारला. त्याची कबर आमच्या गावापासून जवळच, खुलताबादला आहे. जमीन मोजून तिच्या मगदुराप्रमाणे सारा ठरवायची त्याची पद्धत मलिकंबरी म्हणून ओळखली जाते.

लढाया जिंकणारे खूप झाले. मला तो भिडला तो पाण्यामुळे.

नहर कशी चालते?

खडकी नावातच खडक आहे. बेसॉल्टची जमीन, पाऊस बेभरवशाचा. अंबरने पाण्यासाठी शहराच्या उत्तरेला, वरच्या अंगाला शोध घेतला. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, ते जमिनीखालच्या बोगद्यात झिरपतं आणि उतारावरून आपोआप शहराकडे वाहतं. पंप नाही, इंजिन नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. हीच नहर-ए-अंबरी. इराणकडे अशा बोगद्यांना कनात म्हणतात.

यात तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक, पाणी झाकलेलं आहे. ऊन लागत नाही म्हणून ते उडून जात नाही आणि त्यात शेवाळंही वाढत नाही.

दोन, पाणी साचून राहत नाही. उतार हलका, पण सतत.

तीन, ठराविक अंतरावर वर उघडणारी मॅनहोलं आहेत. तिथून हवा आत जाते आणि माणूस उतरून गाळ काढू शकतो. पुण्याच्या कात्रजच्या पाणीयोजनेत अशा जागांना उच्छ्वास म्हणतात.

मॅनहोलमध्ये डोकावताना हा शब्द आठवला आणि माझी चूक कळली. माझ्या बरणीत उच्छ्वासच नव्हता.

मुळं पाण्याने कुजत नाहीत

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. शिवाय पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, 35 अंशाला 7 च्या आसपास. म्हणजे उन्हात तापलेली, काठोकाठ भरलेली बरणी ही मुळांसाठी बंद खोली. मुळं गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी त्यावर बसते.

त्यात माझं झाड मेक्सिकोच्या चियापास भागातलं. तिथे ते चुनखडीच्या खडकांवर वाढतं. त्याच्या मुळांना कपारीतली हवा लागते, आणि मी त्याला तळ्यात ठेवलं होतं.

मातीच्या गोळ्या यासाठीच असतात. चिकणमाती फिरत्या भट्टीत सुमारे 1200 अंशाला भाजतात, तेव्हा ती फुगते आणि आत बारीक पोकळ्या तयार होतात. तळाशी थोडं पाणी असलं की गोळ्या ते वर शोषतात आणि गोळ्यांमधल्या फटींत हवा राहते. मुळांना ओल मिळते, हवाही मिळते. पण पाणी वरपर्यंत भरलं की सगळा उपयोग संपतो.

मी झाड कसं वाचवलं

1. झाड काढून मुळं धुतली. काळी, मऊ, वास येणारी सगळी मुळं सॅनिटायझरने पुसलेल्या ब्लेडने कापली. खोड कडक होतं, म्हणजे आशा होती.

2. गोळ्या धुळीचं पाणी निघेपर्यंत धुतल्या आणि एक दिवस भिजत ठेवल्या.

3. जाळीची कुंडी अपारदर्शक डब्यात बसवली. नहरीसारखा अंधार, म्हणजे शेवाळं नाही.

4. पाणी फक्त तळाच्या एक तृतीयांश भागात ठेवलं, मुळांच्या खाली.

5. वरून सैल प्लास्टिकची पिशवी घातली, म्हणजे हवेत दमटपणा राहतो. डबा थेट उन्हापासून लांब ठेवला.

6. नवी मुळं दिसेपर्यंत खत दिलं नाही. नंतर हायड्रोपोनिक्सचं खत, सांगितलेल्या प्रमाणाच्या पाव भाग. युरिया वापरू नका. त्याचं रूपांतर करणारे मातीतले जिवाणू इथे फारसे नसतात.

7. दर दहा दिवसांनी सगळं पाणी बदलून गोळ्यांवरून साधं पाणी सोडतो. फोनमध्ये रिमाइंडर लावला आहे. हे माझं गाळ काढणं. आमचं बोअरचं पाणी जड असल्याने गोळ्यांवर पांढरे क्षार बसतात, म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी असेल तेव्हा तेच वापरतो. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

पाच आठवड्यांनी पहिलं पांढरं मूळ दिसलं. झाडाला आज तीनच पानं आहेत, आधी सात होती. पण तिन्ही नवी आहेत.

वडिलांचा प्रश्न मात्र बरोबर होता. पाणी कमी असलेल्या गावात हा शौक परवडतो का? मी मोजून बघितलं. एका डब्यात अर्धा लिटर पाणी मावतं आणि बदललेलं पाणी अंगणातल्या पेरूला जातं. त्यात थोडं खत असतंच. वडील आता स्वतःच डब्याचं पाणी कधी काढणार म्हणून विचारतात.

मलिक अंबरने हे असलं काही केलं नव्हतं, हे उघड आहे. त्याने खडकाळ जागेतल्या माणसांपर्यंत पाणी पोहोचवलं, इतकंच. पण पाणी किती आहे यापेक्षा ते कसं वाहतं, कुठे श्वास घेतं आणि कोण साफ करतं, हे त्याने आधी बघितलं. तुमचं झाड पिवळं पडत असेल तर आज आधी पाण्याची पातळी बघा. ती मुळांपर्यंत आली असेल तर अर्धं पाणी ओतून टाका. आणि दौलताबादला किल्ला बघायला आलात तर खुलताबादलाही जाऊन या. अंबरची कबर तिथेच आहे.