रेणूंना रांगेत बसवणारा माणूस

सिमेंटचे विणलेले पोते, दवाखान्यातली एकदा वापरून टाकायची सिरिंज आणि हजारदा उघडमीट करूनही न तुटणारे बाटलीचे झाकण या वस्तू बहुधा एकाच प्लास्टिकच्या असतात. ते म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्याचे जनक जुलिओ नात्ता यांचे नाव आपल्याकडे रसायनशास्त्राच्या पुस्तकाबाहेर फारसे गेले नाही. मला मात्र त्यांच्या शोधाइतकेच त्यांचे आयुष्यही विचारात पाडते.

नात्ता १९०३ साली इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, आजच्या इंपेरिया शहरात जन्मले. एकविसाव्या वर्षी मिलानमध्ये ते रासायनिक अभियंता झाले. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना वाचणे ही त्यांची खरी आवड. १९३८ साली ते मिलानच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. ती जागा रिकामी झाली होती, कारण फॅसिस्ट राजवटीच्या वंशविषयक कायद्यांनी मारिओ लेवी यांना दूर केले होते. त्यांच्या चरित्रात ही नोंद टाळता येत नाही.

१९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांचा असा उत्प्रेरक शोधला, की कमी दाबातही इथिलीनच्या लांब साखळ्या बनू लागल्या. माँटेकातिनी कंपनीच्या करारामुळे ही माहिती नात्तांपर्यंत आली. ११ मार्च १९५४ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत तोच उत्प्रेरक प्रोपिलीनवर वापरला गेला.

प्रोपिलीनच्या प्रत्येक कडीला कार्बनचा एक जादा फाटा असतो. हे फाटे कसेही वळले, तर हाती चिकट, मऊ गोळा येतो. सगळे एकाच बाजूला राहिले, तर साखळी तीन कड्यांना एक वेढा घेत जिन्यासारखी वळते, साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि १६० अंशांपर्यंत न वितळणारा कणखर पदार्थ तयार होतो. नात्तांनी द्रावकांनी दोन्ही वेगळे केले आणि क्ष-किरणांनी ही शिस्त दाखवून दिली. तिला 'आयसोटॅक्टिक' हे ग्रीक वळणाचे नाव सुचवले ते साहित्य शिकलेल्या त्यांच्या पत्नी रोझिता यांनी. पुढे टायटॅनियम क्लोराइडचे घन स्फटिक वापरून त्यांनी ही शिस्त आणखी पक्की केली.

प्रोपिलीनचे काम त्सीग्लर यांना स्वतः करायचे होते. मिलानची बातमी त्यांना उशिरा कळली. ते दुखावले आणि स्नेहाला तडा गेला. माझ्या मते उत्प्रेरक त्सीग्लर यांचा आणि शिस्त ओळखणारी नजर नात्तांची. पण वेळीच न सांगण्याचा दोष नात्तांच्या पदरी राहतोच. १९६३ साली नोबेल दोघांना विभागून मिळाले. तोवर कंपवाताने नात्तांच्या शरीराचा ताबा सुटू लागला होता; आधार घेऊनच त्यांनी पारितोषिक स्वीकारले. १९६८ साली रोझिता गेल्या, १९७९ साली बेर्गामोत ते स्वतः.

त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी उत्प्रेरक मॅग्नेशियम क्लोराइडच्या कणांवर बसवला. उत्प्रेरकाचा कण गोल असेल, तर त्याभोवती वाढणारा प्लास्टिकचा दाणाही तसाच गोल, फक्त कितीतरी मोठा होतो. साखळीचे वळण आणि दाण्याचा आकार, दोन्ही आज आधीच ठरवता येतात. या विद्येचा पाया दोघांचा आहे, आणि ती दोन्ही नावे एकत्रच घ्यावीत.