सोपा संडास आणि अप्पासाहेब

1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगातल्या एका राजकैद्याने विचित्र हट्ट धरला. संडाससफाईचे काम आपल्याला मिळावे, एवढीच त्याची मागणी होती. कैदी ब्राह्मण, उच्चशिक्षित, आणि तुरुंगात हे काम ठरावीक जातींच्याच माथी मारलेले. परवानगी मिळेना म्हणून त्याने अन्नत्याग आरंभला. त्याच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात बंदिवान असलेले गांधीजीही डिसेंबरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे सरकार हलले. हा कैदी म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन (1894–1971), कोकणचे गांधी.

पण आपण हातात झाडू घेतल्याने डोक्यावरून मैला वाहणाऱ्याची सुटका होत नाही, हे त्यांना कळत होते. मैला वाहावाच लागणार नाही असा संडास हवा. स्वातंत्र्यानंतर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी हाच ध्यास घेतला.

त्या काळच्या कोकणातला शेतकरी परसाकडे जाई तो रानात, नाहीतर व्हाळाच्या कडेला. पावसाळ्यात सगळी घाण वाहून विहिरीत आणि भातखाचरात. विष्ठेतून ओल्या मातीत आलेल्या हूकवर्मच्या अळ्या लावणी करणाऱ्या बाईच्या अनवाणी पायांतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. माझ्या उमेदवारीच्या वर्षांत ओपीडीत येणाऱ्या पांढऱ्याफटक बायांना आम्ही लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध देत असू. बाई पुन्हा त्याच खाचरात उतरे.

अप्पासाहेबांचा सोपा संडास नावाप्रमाणेच सोपा होता. दोन उथळ खड्डे, आळीपाळीने वापरायचे. पहिला भरला की तो बंद करून दुसरा सुरू करायचा. पाणी जमिनीत जिरते, घन भाग जिवाणू कुजवतात, आणि पुरेसा काळ गेल्यावर निघते ते काळसर, वास नसलेले सोनखत. खड्डा उथळ ठेवण्यात शहाणपण आहे. भूजलापर्यंत जितकी कोरडी माती मध्ये राहील, तितके रोगजंतू वाटेतच अडतात. जांभ्याच्या भेगांतून मात्र पाणी झरझर जाते, म्हणून अशा जागी विहिरीपासूनचे अंतर वाढवावे लागते. घाई इथे चालत नाही. मोठ्या जंताची अंडी फार चिवट असतात, बंद खड्डा निदान वर्षभर उघडू नये.

शेतकऱ्याला आरोग्याचे व्याख्यान पटेल याची खात्री नसते, पण माडाच्या बुंध्यात पडणाऱ्या खताची किंमत त्याला शिकवावी लागत नाही. अप्पासाहेबांनी ही नाडी बरोबर ओळखली, असे मला वाटते. पुढे त्यांनी संडासच गॅस संयंत्राला जोडला. मैल्याच्या गॅसवर रांधायचे म्हटल्यावर लोकांनी नाके मुरडली असतील, यात नवल ते काय!

त्यांच्या कामाचा धागा उचलला तो एका डॉक्टरने. 1960 च्या आगेमागे देहूच्या सरकारी दवाखान्यात रुजू झालेले डॉ. सुहास मापुसकर आधी साधे संडास बांधायला गेले, आणि ते पावसात ढासळले. मग ते अप्पासाहेबांच्या पद्धतीकडे वळले, त्यांच्या गॅस संयंत्रात सुधारणा केल्या आणि घरोघर संडास बांधून घेण्यात पुढची कित्येक वर्षे घालवली. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.