दादासाहेब फाळके आणि वाटाण्याचा वेल

मी दादासाहेब फाळके यांची माहिती सांगतो. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१२ साली ते लंडनला गेले व सिनेमाचा कॅमेरा आणला. पण सिनेमाला पैसे कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर रोज त्याची चित्रे घेतली. ती भराभर दाखवली तर काय, वेल आपोआप वाढायला लागला! लोक थक्क झाले. मग कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिनेसुद्धा दिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला वारले. आम्ही पण करवंटीत वाटाणा पेरलाय. गुरुजींच्या मोबाइलवर रोज एक फोटो काढतो. वेल वाढला की तुम्हाला दाखवू.