बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट होते. स्त्रीभूमिकांसाठी त्यांची विशेष ख्याती होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रियांची वेशभूषा, घराघरांतील गाण्याची आवड आणि कुलीन स्त्रीविषयीची समाजाची कल्पना या तिन्हींवर त्यांचा ठसा उमटला. इतका खोल प्रभाव त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही नटाचा क्वचितच आढळतो. हा ठसा उमटवणारा कलावंत पुरुष होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या काळाचे सामाजिक चित्र पुरते समजत नाही.

पूर्वायुष्य

सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे राजहंस घराण्याचे गाव. नारायणाचा आवाज लहानपणापासूनच गोड होता. त्याचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्याचा बालगंधर्व म्हणून गौरव केला आणि पुढे हेच नाव रूढ झाले. जळगाव येथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांचे आरंभीचे संगीतशिक्षण झाले. पुढे भास्करबुवा बखले यांच्यासारखा थोर गुरू लाभला. त्यांच्या गाण्यातील शास्त्रीय बैठक मुख्यतः बखलेबुवांची देणगी होय.

रंगभूमीवर आगमन

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटकाचा प्रयोग केला, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर स्त्रियांची कामे पुरुषच करीत आले होते. घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे त्या समाजाला सर्वस्वी अमान्य होते. किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले आणि मंडळीला नायिकेची उणीव भासू लागली. १९०५ साली बालगंधर्व या मंडळीत दाखल झाले. मिरजेत त्यांनी शकुंतलेची भूमिका केली आणि ती उणीव भरून निघाली. कोल्हापूरचे शाहू महाराज यांचा त्यांना आश्रय होता. त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार झाले तेही महाराजांच्याच पुढाकाराने.

१२ मार्च १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ या नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचे निधन झाले. प्रयोग पुढे ढकलावा असे सुचवले गेले असता त्यांनी नकार दिला आणि ठरल्याप्रमाणे भामिनीची भूमिका केली. या घटनेचे वर्णन पुढे कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून पुष्कळदा केले गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर त्या दिवशी काय गुदरले असेल, याचा उल्लेख मात्र अशा वर्णनांत सहसा नसतो.

गंधर्व नाटक मंडळी

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बालगंधर्वांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचा आश्रयही मंडळीला लाभला. १९१६ साली ‘संगीत स्वयंवर’ रंगभूमीवर आले. भास्करबुवा बखले यांनी चाली दिलेली रुक्मिणीची पदे हा नाट्यसंगीताचा उत्कर्षबिंदू मानला जातो. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक लेखकाच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्यास रंगमंचावर आले. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेल्या बालगंधर्वांनी त्यात मद्यपी नवऱ्याच्या दारिद्र्याने गांजलेली सिंधू साकारली. सुधाकराची भूमिका बोडस यांनी केली. या प्रयोगांना प्रेक्षागृहातील स्त्रियांचे डोळे कोरडे राहत नसत.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. प्रतिस्पर्धी ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले धैर्यधर झाले, तर बालगंधर्व भामिनी. प्रयोगाचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला देण्यात आले. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवरावांचे निधन झाले.

बालगंधर्वांना थाटाची हौस होती. खरे दागिने, उंची वस्त्रे, गालिचे, अत्तराचा घमघमाट. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे वादक. प्रेक्षकाला ते मायबाप मानीत आणि त्याच्यापुढे हिणकस काही ठेवायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. ‘द्रौपदी’ नाटकातील मयसभेच्या देखाव्यावर अमाप खर्च झाला. हिशेबाची दृष्टी त्यांना कधीच नव्हती. मंडळी कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात त्यांची उमेदीची अनेक वर्षे गेली.

समाजावरील प्रभाव

नाटकातील बालगंधर्वांची नऊवारी नेसण्याची पद्धत, पदर घेण्याची ढब, केशरचना, नथ आणि हातातला रुमाल यांचे अनुकरण पुण्या-मुंबईतील सुखवस्तू घरांतील स्त्रिया करू लागल्या. त्यांची स्त्रीवेशातील छायाचित्रे विकत घेऊन घरात लावली जात. एखाद्या लग्नसमारंभात बायकांनी नेसलेले शालू पाहून ते कोणत्या नाटकातले आहेत हे ओळखता येई, असे जुन्या पिढीतील लोक सांगत. यात अतिशयोक्ती असेल, पण अशी अतिशयोक्ती निराधार जन्मत नाही. स्त्रिया मोठ्या संख्येने नाटकाला येऊ लागल्या. स्त्रीने घराबाहेर पडून करमणुकीचा आनंद घेणे ज्या समाजात अजून रुळले नव्हते, तेथे हा बदल लहान नव्हता.

गाण्याच्या बाबतीत हा प्रभाव अधिक टिकाऊ ठरला. कुलीन स्त्रीने गाणे हे तोवर हीन समजले जाई. ध्वनिमुद्रिकांमुळे बालगंधर्वांची पदे माजघरापर्यंत पोहोचली. रुक्मिणी आणि सिंधू यांच्यासारख्या सात्त्विक नायिकांच्या मुखी असल्यामुळे ती लेकीसुनांनी गुणगुणण्यात कोणाला वावगे वाटेनासे झाले. मुलींना पेटी आणि गाणे शिकवण्याची प्रथा मध्यमवर्गात रुजली, तिला हे वातावरण पोषक ठरले.

या प्रभावाची दुसरी बाजूही आहे. हा आदर्श स्त्रियांनी स्वतः घडवलेला नव्हता. पुरुष नाटककाराने लिहिलेली, पुरुष नटाने उभी केलेली ती स्त्री होती. विनयशील आणि सोशिक अशी ती नवऱ्याच्या हातून सर्वस्व गमावूनही त्याचेच पाय धरणारी होती. ‘एकच प्याला’ पाहून प्रेक्षक दारूला दोष देत, पण सिंधूने घर का सोडले नाही असा प्रश्न त्यांना सहसा पडत नसे. शिवाय बालगंधर्वांचे स्त्रीरूप इतके परिपूर्ण मानले गेले की रंगमंचावर खऱ्या स्त्रीची गरजच काय, असा युक्तिवाद होऊ लागला. अभिनेत्रींचे आगमन त्यामुळे काही प्रमाणात लांबले, असे म्हणण्यास जागा आहे. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर यांनी आपल्या भावंडांसह नाट्यव्यवसायात पदार्पण केले, तेव्हा त्यांना या पूर्वग्रहाला तोंड द्यावे लागले. हिराबाईंच्या गाण्यावर बालगंधर्वांच्या गायकीचा संस्कार होता, हा यातला मनोज्ञ विरोधाभास.

उतरता काळ

१९३१ सालच्या ‘कान्होपात्रा’तील मास्टर कृष्णराव यांनी चाली दिलेले अभंग लोकप्रिय झाले. परंतु बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. १९३५ साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषवेशातील बालगंधर्व पाहण्याची प्रेक्षकांच्या डोळ्यांना सवय नव्हती आणि समोर प्रेक्षक नसताना तुकड्यातुकड्यांनी अभिनय करणे त्यांच्या स्वभावाला मानवले नाही. ते नाटकाकडे परतले.

पुढे गोहरबाई कर्नाटकी या गायिका त्यांच्या मंडळीत आल्या. बालगंधर्वांची गायकी त्यांनी आत्मसात केली होती, आणि ज्या भूमिका बालगंधर्वांनी गाजवल्या त्या आता एक स्त्री करू लागली. लक्ष्मीबाईंचे १९४० साली निधन झाले होते. १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी विवाह केला. ज्या समाजाने त्यांच्या पदराची आणि नथीची नक्कल केली होती, त्यातील अनेकांना हा संबंध रुचला नाही आणि दोघांनाही कठोर टीका सोसावी लागली. गोहरबाईंच्या कलागुणांची दखल त्या गदारोळात नीटशी घेतली गेली नाही. उतारवयात बालगंधर्वांचे पाय अधू झाले. तरीही ते बसून भजने गात राहिले.

सन्मान व स्मृती

त्यांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. कुमार गंधर्व यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमातून त्यांच्या गायकीचा वेगळा वेध घेतला. २०११ साली त्यांच्या जीवनावर ‘बालगंधर्व’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात सुबोध भावे यांनी प्रमुख भूमिका केली. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसवण्यात आली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. ते पाहण्यास बालगंधर्व हयात नव्हते. सुमारे वर्षभरापूर्वी पुण्यातच त्यांचे निधन झाले होते.